भाऊसाहेबांचा एक फोन

माझ्या भावाला आखातातून घरी कोणी आणलं, असं रिसोडच्या बाजारात कोणालाही विचारा. लगेच उत्तर मिळेल: भाऊसाहेबांनी. एक फोन केला अन् काम झालं. सांगणारा हे इतक्या कौतुकानं सांगतो, की घरी आली ती पेटी होती हे तो विसरूनच जातो.

ही गोष्ट खोटी आहे. मी त्याची धाकटी बहीण. त्या सगळ्या दिवसांत फोन माझ्याच हातात होता. कोणी काय केलं आणि कोणी काय केलं नाही, ते मला माहीत आहे. मी ते घरात ओरडून सांगितलं, मी शिकवते त्या शाळेत बरोबरच्या बाईंना सांगितलं, एकदा वाशिमच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. आता लिहून सांगते.

आमचा मळा रिसोडला लागूनच. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे बाकीचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. माल काढायचा, धुवायचा, जुड्या बांधायच्या आणि बाजारात न्यायचा, यातच घर चालायचं. दादानं आयटीआयला एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम शिकून घेतलं. हात चांगला होता त्याचा. जवळच एका ठिकाणी पक्क्या नोकरीची जागा निघाली, तेव्हा परीक्षेत तो वर होता. तरी बाबा म्हणाले, भाऊसाहेबांच्या कानावर घालून ठेवू.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. बाबा दर बाजाराच्या दिवशी त्यांच्या बंगल्यावर भाजीची पिशवी पोचवायचे. त्याला ते वानोळा म्हणायचे. खरा वानोळा माणूस मायेनं देतो. बाबा तो भीतीपोटी द्यायचे, उद्या काही अडलं तर दार उघडं असावं म्हणून. भाऊसाहेबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाहू, पाहू." ती जागा त्यांच्याच जवळच्या एका माणसाच्या जावयाला गेली. बाबांनी पुढच्या बाजाराला पिशवी पोचवलीच. दादा मात्र त्या बंगल्याची पायरी परत चढला नाही. आयटीआयतला एक मित्र मस्कतला होता, त्याच्या मागे तो निघून गेला.

तिकडे तो बरा होता. दर सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल करायचा. वहिनीला म्हणायचा, मळा दाखव. मग ती फोन घेऊन वाफ्यावाफ्यांतून फिरायची. त्याच्या खोलीत एक केरळचा माणूस राहायचा, त्याच्याहून बराच मोठा, त्याच कंपनीत मेस्त्री. दादा त्याला चेट्टन म्हणायचा. त्यांच्याकडे मोठ्या भावाला तसं म्हणतात. म्हणून आम्हीही चेट्टनच म्हणायला लागलो.

थंडीतली सकाळ होती. मी आणि वहिनी मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. दादाच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज चेट्टनचा होता. "बहन, तुम बैठो पहले," तो म्हणाला. मी बसलेलीच होते. गच्चीवर काम करता करता दादा खाली कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच वहिनीच्या हातातली मेथी गळून पडली.

बाबांना सांगणं, आईला सावरणं, वहिनीच्या माहेरी कळवणं, हे सगळं झालं आणि मग कळलं की रडायलाही अजून वेळ आहे. दादा तिकडच्या शवागारात होता आणि तिथून निघत नव्हता. कंपनीच्या मालकाची सही लागत होती. तिकडे मालकाला कफील म्हणतात, परदेशी कामगार त्याच्या जबाबदारीवर असतो. मालकाचा मॅनेजर म्हणत होता, साहेब बाहेर आहेत. मग म्हणाला, हिशेब बाकी आहे. मग फोन उचलेनासा झाला. आपल्या वकिलातीतली माणसं त्यांच्या परीनं मागे लागली होती, पण मालकाच्या सहीशिवाय त्यांचंही पुढे सरकत नव्हतं.

बाबा उठले, धुतलेलं धोतर नेसले आणि म्हणाले, "भाऊसाहेबायकडे जाऊ."

"मी पण येते," मी म्हणाले.

"तू कायले? बायकायचं काय काम तिथं?"

"फोन माझ्याकडं आहे, बाबा. तिकडचं सगळं मलाच माहीत आहे."

बंगल्याच्या व्हरांड्यात लोक बसलेले होते. आम्हीही बसलो. आमच्या आधी आलेले आत गेले, आमच्यानंतर आलेलेही आत गेले. चहा आला. बाबांनी कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. शेवटी भाऊसाहेब बाहेर आले, बाबांकडे पाहून हसले. "या, मेथीवाले. काय म्हणते बाजार?"

ज्याचं पोरगं मेलंय त्याला हा माणूस बाजार विचारत होता. बाबांनी हात जोडून सगळं सांगितलं. भाऊसाहेबांचा चेहरा लगेच बदलला, तेवढं त्यांना येतं. त्यांनी खिशातून फोन काढला, कोणाला तरी लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. रिंग वाजली, वाजत राहिली, बंद झाली. "मीटिंगमधी असतीन," ते म्हणाले. "काम झालं समजा. तुमी घरी जा. चिंता करू नोका."

तो त्यांचा एक फोन. तो उचललाच गेला नव्हता. मी तिथेच उभी होते.

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो, तेव्हा ते लग्नाला गेलेले. त्यानंतर गेलो तर म्हणे शिरपूरला कार्यक्रम आहे, तिकडूनच मुंबईला जाणार. त्यांच्या माणसानं आमच्या हातातली पिशवी तेवढी ठेवून घेतली. हो, पिशवी होती. पोराचं शव परदेशात पडलेलं आणि बाबा वांगी घेऊन गेले होते. परत येताना रस्त्यात मी त्यांच्यावर ओरडले. ते म्हणाले, "हात हालवत कसं जावं?"

या सगळ्या दिवसांत चेट्टन रोज फोन करायचा. काम संपवून आधी शवागारात जायचा, मग कंपनीच्या ऑफिसात. तिथून हाकलून दिलं की मला फोन. त्याचं हिंदी मोडकं, माझंही फार बरं नाही. एकदा म्हणाला, "इधर वास्ता चाहिए, बहन. वास्ता नहीं तो कुछ नहीं."

हा शब्द ऐकून मी चमकले. आमच्याकडेही वास्ता म्हणतात. भांडण झालं की माणूस म्हणतो, आजपासून तुझा-माझा काही वास्ता नाही. तिकडे त्याच शब्दाचा अर्थ वशिला. आपलं माणूस, आपली ओळख, आपल्यासाठी शब्द टाकणारा कोणीतरी. भाषा वेगळी, अन्न वेगळं, देव वेगळा, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न तोच. कोणाला ओळखतोस? मला त्या शब्दाची किळस आली.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज निराळाच होता. "वास्ता मिल गया."

झालं होतं ते असं. मालकाची म्हातारी आई वेगळ्या घरात राहते. तिच्या घरातल्या एसीचं काम गेली कित्येक वर्षं चेट्टनच करायचा. तिचा ड्रायव्हर त्याच्याच भागातला. चेट्टननं ड्रायव्हरला गाठलं, ड्रायव्हरनं त्याला म्हातारीपुढं उभं केलं. त्यानं तिला दादाचा फोटो दाखवला आणि मोडक्या अरबीत सांगितलं, याची आई वाट पाहतेय. म्हातारीनं तिथल्या तिथं मुलाला फोन लावला आणि झापलं. बाहेर गेलेला मालक त्याच शहरात निघाला. दुसऱ्या दिवशी सही झाली.

मी रडायला लागले. चेट्टनचे आभार मानायला लागले, तर त्यानं मला अडवलं. मग म्हणाला, "थँक्यू मत बोलो. उसके बाजू में एक आदमी है. आंध्रा का. बहुत टाइम से पड़ा है. दूसरी कंपनी. उसके लिए मेरे पास कोई वास्ता नहीं."

त्यानंतर कितीतरी दिवस मला दादापेक्षा शवागारात त्याच्या शेजारी पडलेला तो माणूसच जास्त दिसायचा. न पाहिलेला. त्याचीही कोणी बहीण असेल, तिच्याही हातात फोन असेल. तिच्या फोनवर कोणी चेट्टन नव्हता. माझा भाऊ घरी आला, कारण एका श्रीमंत बाईची खोली थंड राहावी म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं नीट काम केलं होतं. यात न्याय कुठे होता? मला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच संताप आला. वहिनीला मी हे सांगितलं नाही. तिच्यापुढं तेवढंच पुष्कळ होतं.

पेटी नागपूरला उतरली. मी आणि चुलतभाऊ ती घ्यायला गेलो. रुग्णवाहिका रिसोडमध्ये शिरली तेव्हा चौकात दोन मुलं हात करून गाडी थांबवत होती. मला वाटलं, पुढं रस्ता बंद असेल. पाहते तर चौकात फ्लेक्स लागलेला. एका कोपऱ्यात दादाचा लहानसा फोटो, आणि त्याच्या कितीतरी पट मोठे हात जोडलेले भाऊसाहेब. ते पांढऱ्या कपड्यांत उभे होते. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडायला लावलं, पेटीवर हार ठेवला, एका पोरानं फोटो काढले. एक फोटो नीट आला नाही म्हणून हार उचलून परत ठेवला.

मी खाली उतरले. "दार लावा," मी म्हणाले.

"ताई, भाऊसाहेब आहेत," तो पोरगा म्हणाला.

"दिसलं मला. दार लावा."

घरासमोर तिरडी बांधली जात असताना भाऊसाहेबांनी चार शब्द बोलायला घेतले. आमच्याकडे हल्ली कोणी मेलं की पुढारी बोलल्याशिवाय माणूस उचलत नाहीत. ते म्हणाले, "मले बातमी समजली तशी मी वर फोन लावला. म्हटलं, आमच्या मातीतलं लेकरू आहे, मातीतच आलं पाहिजे." लोकांनी माना डोलावल्या. आणि बाबा उठले, माझे बाबा, आणि त्या माणसाच्या पायाकडे वाकले. भाऊसाहेबांनी त्यांना वरच्यावर धरून छातीशी लावलं. तोही फोटो निघाला.

तेराव्यानंतर मी बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, त्यांनी काही केलं नाही?"

"माहीत हाय."

"मग पाया काहून पडले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी अजून लहानच आहे. "पोरी, त्यानं केलं नाही हे मले माहीत. मले माहीत हाय हे त्याले माहीत झालं, तर उद्या आपल्याले कोण इचारते?"

माझा राग त्या दिवसापासून गेलेला नाही.

पुढे निवडणुका आल्या. भाऊसाहेबांचा माणूस घरी आला. रिठदला सभा होती. वहिनीनं स्टेजवर यावं आणि फक्त दोन शब्द बोलावेत, एवढंच म्हणणं होतं. जाता जाता म्हणाला, अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघणार आहे, भाऊसाहेबांच्या मनात वहिनींचं नाव आहे. वहिनी बारावी झालेली. तिला ते काम हवं होतं. मळ्यात राबायला तिची ना नव्हती, पण स्वतःच्या नावाची नोकरी असावी असं तिला फार वाटायचं.

"तू जाऊ नकोस," मी म्हणाले.

ती गेली. मी तिच्याबरोबर गेले, तिला एकटी सोडायची नाही म्हणून. मांडवात समोर बायकांमध्ये बसले. तिच्या हातात माईक दिला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "माह्या नवऱ्याले भाऊसाहेबायनं घरी आणलं. मी त्यायचे उपकार विसरनार नाही." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "देवमाणूस हाय बाई."

परत येताना जीपमध्ये, रिसोड जवळ आल्यावर तिनंच विषय काढला. "बाई, मले बी माहीत हाय ना खरं काय ते. तुमचा भाऊ तर गेला. आता मले जगायचं हाय. खोटं बोलून जगता येत असन तर बोलते."

निवडणूक झाली. अंगणवाडीतली जागा भरली गेली. वहिनीचं नाव नव्हतं.

यावेळी बंगल्यावर जायला ती स्वतः निघाली. बाबा नको म्हणत राहिले. मी मागोमाग गेले. व्हरांडा नेहमीसारखाच भरलेला. भाऊसाहेब बाहेर आले, त्यांनी तिला ओळखलं आणि म्हणाले, "ताई, या वेळेस नाही जमलं. पुढच्या वेळी पाहू."

वहिनी उभी राहिली. तिचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "तुमी माह्या नवऱ्याले आणलं नाही. तुमचा फोन कोनी उचलला बी नव्हता. त्याले केरळच्या एका गड्यानं आणलं. मी रिठदले स्टेजवर खोटं बोलली, तुमच्यासाठी बोलली. आता ते मी वापस घेते. इतल्या लोकायपुढं वापस घेते."

भाऊसाहेब हसले. खरंच हसले. आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "दुःखात हाय बिचारी. चहा द्या यायले." मग आत निघून गेले.

मला वाटलं होतं, व्हरांड्यातलं कोणीतरी काही बोलेल. कोणी मान वर केली नाही. आम्ही उठलो तशी बाकावरची दोन माणसं सरकली आणि आमच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली, दाराच्या तेवढीच जवळ.

बाबा म्हणाले, तुम्ही आपलं दार बंद केलंत. वहिनी आता रिसोडच्या बाजारात स्वतः दुकान लावते. भाव करताना तिच्याशी कोणी जास्त लांबवत नाही. बंगल्यातलं बोलणं गावात पसरलं असेल असं मला वाटायचं. पसरलं नाही. लोक अजूनही म्हणतात, भाऊसाहेबांनी आणलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, शाळा सुरू असतानाच, चेट्टनचा फोन आला. त्याच्या भाचीला नागपुरात एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, पण राहायला वसतिगृहात जागा मिळत नव्हती. जरा अवघडून त्यानं विचारलं, "उधर कोई पहचान का है क्या, बहन?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी चिडले असते. त्याच्यावर चिडता येईना. आणि पंचाईत अशी, की नागपुरात मी एकाही उपयोगाच्या माणसाला ओळखत नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, बंगल्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराचा मला इतका राग आला की मी फोनवरच म्हणाले, "पहचान नहीं है चेट्टन. मैं खुद आती हूँ."

शाळेतून रजा घेतली, एसटीनं नागपूरला गेले. ती मुलगी स्टँडवर बॅग घेऊन उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. आम्ही वसतिगृहाच्या ऑफिससमोर रांगेत उभ्या राहिलो. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी वर न पाहताच विचारलं, "कोणाकडून आलात?"

"कोणाकडून नाही," मी म्हणाले. "रांगेतून आलोय."

त्यांनी मान वर केली. मी उर्मटपणा करते आहे असं त्यांना वाटलं असणार, आणि मी करतच होते. त्या म्हणाल्या, जागा नाही, उद्या या. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. परत उद्या या. मी रजा वाढवली. तिसऱ्या खेपेला मी त्या खिडकीसमोरून हललेच नाही. मागचे लोक ओरडायला लागले, एक माणूस म्हणाला, "बाई, कोणाचा तरी फोन लावा ना, कशाला सगळ्यांना अडवता?" मी त्याच्यावर असं ओरडले की ऑफिसातली सगळी माणसं बाहेर आली. शेवटी त्या बाईंनी वैतागून तिघींच्या खोलीत चौथी खाट टाकायला सांगितलं.

मुलीनं मला विचारलं, "दीदी, आप इतना गुस्सा क्यों हो?" तिला दादाबद्दल थोडंफार माहीत होतं, मामानं सांगितलेलं. मी तिला बाकीचं सांगितलं, आंध्रच्या त्या माणसाचंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, त्याचं पुढं काय झालं हे मामालाही माहीत नाही.

आम्ही दोघींनी मिळून ती खाट वर चढवली. जिन्यात ती दोनदा अडकली.